शेजाऱ्याला सांगितलेला पणजोबा

आप्पा तीन महिन्यांसाठी आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला आले ते माझ्याकडे आले होते, शेजारच्या म्हाताऱ्याकडे नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. तिकीट मी काढलं, व्हिसाचे कागद मी जमवले, गुडघ्याच्या डॉक्टरकडून 'प्रवासाला हरकत नाही' असं मी लिहून घेतलं. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिली खेप आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी बहुतेक शेवटचीच. माझ्या मनात साधा बेत होता. दिवसभर मी औषधांच्या कारखान्यात, बायको हॉस्पिटलात, पण संध्याकाळी आम्ही बापलेक बसू आणि बोलू. आजवर जेवढं बोललो नाही तेवढं बोलून घेऊ. मला माझा बाप हवा होता. पंचेचाळिसाव्या वर्षी असं लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते आहे.

आप्पा साखर कारखान्यात टाइमकीपर होते. पस्तीस वर्षं लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिलेल्या माणसाला परदेशात सगळ्यात आधी काय खुपावं, तर कचऱ्याचे डबे. कुठल्या आठवड्यात काळा आणि कुठल्या आठवड्यात हिरवा, हे मला सात वर्षांत पाठ झालं नव्हतं. शेजाऱ्याने काढलाय तोच मी काढायचो. आप्पांना ही बेशिस्त सहन होईना. आल्यावर चौथ्या दिवशी, गुरुवारी, माकडटोपी चढवून ते सकाळी सहाला डबा घेऊन फाटकाशी गेले, आणि नेमका चुकीचा डबा नेला. शेजारचा म्हातारा निवृत्त पोस्टमन. अजून डाक वाटायची असल्यासारखा भल्या सकाळी उठतो. त्याने हाताने खुणा करून चूक सांगितली आणि डबा परत ढकलायला मदत केली. एवढीच काय ती ओळख.

संध्याकाळी मी घरी आलो तर ओट्यावर मातीने भरलेल्या बटाट्यांची पिशवी. "शेजाऱ्यानं दिल्यात. त्याच्या परसातली," आप्पा म्हणाले. "मानूस लई चांगला हाय. त्याचा आजा लढाईवर गेलता."

"कुठल्या लढाईवर?"

"पयल्या," असं म्हणून ते बटाटे धुवायला लागले. मी आणखी काही विचारलं नाही, मला ऑफिसचा एक फोन घ्यायचा होता.

तेव्हापासून दर गुरुवारी डबे बाहेर काढले की आप्पा परस्पर तिकडेच जायचे. मग गुरुवारच्या जोडीला मंगळवारही आला. माझी दहा वर्षांची मुलगी शाळेतून आली की त्यांच्यात बसून दुभाष्याचं काम करायची. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येतं ते ड्रोहेडाचं इंग्रजी. आप्पांचं साताऱ्याकडचं मराठी तिला माझ्यापेक्षा जास्त समजायला लागलं. मी तिला विचारायचो, काय बोलतात गं ते दोघं एवढं? ती खांदे उडवायची. "दे आर ग्रँड, बाबा. लीव्ह देम."

माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. उगाच शब्द फिरवत नाही, मी जळत होतो. आप्पांसाठी मी चांगलं महागाचं जाकीट आणलं होतं. ते कपाटात टांगलेलं राहिलं आणि आप्पा फिरायला निघाले म्हाताऱ्याची जुनी, कोपरांवर ठिगळं लावलेली जर्सी घालून. माझ्या घरी त्यांना चहा निम्मा दुधाचा, खळखळून उकळलेला, वर साखर कमी पडली म्हणून कुरकुर. तिकडे पिशवी बुडवलेला काळपट चहा घोटाघोटाने प्यायचे, वर म्हणायचे, "त्यो बी चांगला लागतो." रजा काढून मी त्यांना पश्चिमेकडचे समुद्रकडे दाखवायला न्यायचं ठरवलं, तर म्हणाले, "गुरुवार सोडून कवाबी ने." माझी रजा नेमकी गुरुवारचीच होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं माझं झालं होतं. या माणसाला मी आठ हजार किलोमीटरवरून आणलं होतं, आणि तो सारखा दहा पावलं चालून दुसऱ्याच्या घरी जात होता.

रात्रीच्या जेवणात आम्हाला त्या घरातल्या युद्धाच्या बातम्या मिळायच्या. म्हाताऱ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात आज्याची पत्रं. आजा फ्रान्सच्या खंदकात बसून बायकोला लिहायचा ते लढाईबद्दल नसायचंच. डुक्कर विकलंस का? मोजे पाठव, पण मागच्यासारखे नको, ते धुतले की आटतात. इथल्या पावात काय घालतात देव जाणे, दातांखाली कचकच करतं. बायकोची पत्रं त्याने परत येताना सोबत आणली होती, तीही त्याच डब्यात. ती लिहायची की शिपायांच्या बायकांना सरकार पैसे देतं म्हणून गल्लीतल्या बाया तिला टोमणे मारतात. कारण मधल्या काळात डब्लिनमध्ये उठाव झाला होता, इंग्रजांनी त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या, आणि ज्या गावाने बँड लावून पोरं लढाईवर धाडली तेच गाव त्यांना इंग्रजांचे चाकर म्हणायला लागलं होतं. आजा परतला तेव्हा स्टेशनवर त्याला घ्यायला कुणी आलं नाही. त्याचा सख्खा भाऊ उठाववाल्यांच्या बाजूचा. पुढे मरेपर्यंत दोघे एकाच चर्चमध्ये जायचे आणि वेगवेगळ्या बाकांवर बसायचे. पदक त्या घरात कधी भिंतीवर लागलं नाही. पाण्याच्या टाकीच्या उबेत टॉवेल ठेवतात त्या कपाटात, त्याला इथे हॉट प्रेस म्हणतात, ते लहान मुलाच्या मोज्यात गुंडाळून ठेवलेलं होतं.

आप्पा हे सगळं रंगवून सांगायचे. माझ्या बापाला इतकं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. आणि बोलणं कुणाबद्दल, तर एका परक्या माणसाच्या आज्याबद्दल! एका रात्री मला राहवलं नाही. मी म्हणालो, "त्यांच्याकडे बघा, डबाभर पत्रं जपून ठेवलीत. आपल्याकडे काय आहे? आपल्या लोकांना काही जपायची अक्कलच नाही."

आप्पांनी भाकरीचा घास आमटीत बुडवला होता. तो तसाच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून जेवायला लागले. मला वाटलं, आपण मुद्द्याचं बोललो.

आपल्याकडे अगदीच काही नव्हतं असंही नाही. आप्पांचे चुलते बेचाळीसच्या चळवळीत होते. साताऱ्यात तेव्हा इंग्रजांना न जुमानता लोकांनी आपलं सरकार चालवलं होतं, त्यातले. त्यांना मिळालेला ताम्रपट आमच्या सोप्यात लावलेला आहे. आयर्लंडमध्ये हे भांडवल फार उपयोगी पडतं. ऑफिसात कुणी गप्पांना बसलं की मी ते काढतो, आमच्याही घरातून इंग्रजांना हाकललंय म्हणतो, आणि लगेच पाठीवर थाप पडते. तेव्हा एका शनिवारी मी कुंपणापाशी म्हाताऱ्याला गाठलं आणि ठेवणीतला हा पत्ता टाकला. तुझा आजा त्यांच्यासाठी लढला, माझा चुलत आजोबा त्यांच्याविरुद्ध, असं मला त्याला कळवायचं होतं. हलकट हेतू होता.

म्हातारा कोबीला माती लावत होता. "सांगितलंय तुझ्या वडिलांनी," तो म्हणाला. "आणि दुसऱ्याचंही सांगितलंय."

"दुसरा कोण?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, त्याच्या लक्षात काहीतरी आलं असावं. "ते त्यांनाच विचार," म्हणाला आणि परत मातीकडे वळला. मी विचारलं नाही. माझ्याच बापाबद्दल मला याच्याकडून सूचना घ्यायच्या नव्हत्या.

नोव्हेंबरात इथल्या चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी एक कार्यक्रम ठेवला. शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईच्या काळातलं तुमच्या घरात जे काही असेल ते घेऊन या आणि त्याबद्दल चार शब्द बोला. शनिवारी दुपारी आम्ही सगळे गेलो. टेबलांवर रेशमी भरतकामाची फ्रान्सची पोस्टकार्डं होती, तोफगोळ्याच्या रिकाम्या पितळी नळकांड्याची फुलदाणी होती, प्रार्थनेची पुस्तकं होती, आणि त्यांच्याच शेजारी उठाववाल्याचा दंडाला बांधायचा पट्टाही होता. दारात एकीने मला बोलणाऱ्यांच्या नावांचा कागद दिला. म्हाताऱ्याच्या नावाखाली आप्पांचं नाव होतं.

मुलीकडे पाहिलं तर ती छताकडे बघत होती. "तुला हे माहीत होतं?" मी विचारलं. ती मान हलवून म्हणाली, आजोबांनी सांगितलं होतं की बाबाला सांगू नको, त्याला वाईट वाटेल. ती घरची, ते घरचे, तो शेजारचा, तिघांना माहीत होतं आणि मी एकटा प्रेक्षक म्हणून आलो होतो.

म्हातारा मोज्यातलं पदक दाखवून बसला. मग आप्पा उभे राहिले. हातात कागद नव्हता. त्यांचं इंग्रजी कारखान्यातलं, त्यात सगळं वर्तमानकाळातच घडतं. माय ग्रँडफादर इज गोइंग टू बसरा, ही इज नॉट कमिंग बॅक. लोक कान देऊन ऐकत होते.

त्यांचा आजा, म्हणजे माझा पणजोबा, मराठ्यांच्या पलटणीत भरती होऊन इराकातल्या बसऱ्याला गेला. पाटलाने गावातून माणसं द्यायची असं वरून आलं होतं, आणि धाकटा म्हणून घरच्यांनी त्याला पुढे केलं. नदीकाठच्या एका गावात त्याची पलटण तुर्कांच्या वेढ्यात सापडली. महिनोन् महिने. दाणा संपला तेव्हा घोडी कापली. बरेच दिवस आपली माणसं ते मांस खात नव्हती, मग खाल्लं. शेवटी शरण गेले आणि कैदी म्हणून रेल्वेच्या कामावर गेले. इकडे गावात एक सरकारी कागद आला की हा शिपाई बेपत्ता आहे. घरच्यांनी वाट पाहिली, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, तेरावं घातलं. त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या.

आणि लढाई संपल्यावर तो परत आला. इन्फ्लुएन्झाची, मानमोडीची साथ नुकतीच ओसरली होती, घराघरातून माणसं गेलेली. शिवारात त्याला बघून बाया किंचाळत पळाल्या. भूत आलं म्हणून कुणी दार उघडेना. चार दिवस तो मारुतीच्या देवळात राहिला. शेवटी भटजींनी तोड काढली. ज्याचं तेरावं झालं तो मेलाच. आता याला पुन्हा जन्माला घाला. म्हणून दाढी वाढलेल्या त्या पंचविशीतल्या माणसाला अंगाला तूप लावून आंघोळ घातली, पांढऱ्या धडप्यात गुंडाळला, आणि त्याच्या म्हाताऱ्या आत्याने त्याच्या कानात कुर्र करून नवीन नाव ठेवलं. गावाने त्याचं बारसं जेवलं. मग त्याच्याच बायकोशी त्याचं परत लग्न लावलं.

सातबाऱ्यावर जे नाव आहे, श्राद्धाला जे मी ऐकत आलो, ते हे बारशातलं नाव. आधीचं नाव घरात उच्चारायचं नाही असा दंडक होता, ते मेलेल्याचं नाव. आप्पांनी ते त्या दिवशी उच्चारलं. माईकमध्ये, पन्नाससाठ आयरिश माणसांसमोर. माझ्या पणजोबाचं खरं नाव मी ऐकलं ते परक्यांच्या गर्दीत, मागून तिसऱ्या रांगेत बसून. माझे कान तापले होते. म्हाताऱ्याने मान हलवली, त्याला ते आधीच माहीत होतं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, त्यांचा फोटो आहे का? आप्पा म्हणाले, एक होता. व्हाइट अँट्स. वाळवीने खाल्ला.

वाळवीने नव्हता खाल्ला. मी अकरा वर्षांचा होतो. पंधरा ऑगस्टसाठी शाळेतले गुरुजी ताम्रपट बघायला आमच्या घरी येणार होते, आणि ताम्रपटाच्या शेजारीच गणवेशातला, पट्टे बांधलेला एका शिपायाचा फोटो टांगलेला होता. तो आपला कुणीतरी पूर्वज, इंग्रजांच्या फौजेतला, एवढंच मला ठाऊक होतं. वर्गातली पोरं त्यावरून मला चिडवायची. गुरुजी यायच्या आदल्या सकाळी मी तो चौकटीसकट काढला आणि आंघोळीच्या बंबात घातला. नंतर सगळे म्हणाले, चुना मारताना कुठंतरी गेला असेल. मीही तेच म्हणालो. आप्पांना ते कळलं असेल अशी मला आजवर कधी शंकाही आली नव्हती.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातच त्यांना धरलं. लाज वाटत होती, पण तोंडातून पहिल्यांदा निघाला तो मत्सरच. "मला का नाही सांगितलं? तुमचा मुलगा मी आहे. त्या पोस्टमनला सांगता, माझ्या दहा वर्षांच्या मुलीला सांगता, हॉलभर लोकांना सांगता. मला नाही?"

आप्पा खुर्चीत बसून बूट काढत होते. "तुला सांगनार हुतो. त्याच वर्षी दिवाळीत. मग बंबाच्या राखंत चौकटीचे खिळे घावले."

त्यांनी काढलेला बूट मी दाराशी नेऊन ठेवला.

"तवा बी सांगितलं असतं, लेका. पोरगं हाय, चुकलं म्हनलं असतं. पन शाळंत तू भाषन केलंस. आमच्या घरात इंग्रजाचा चाकर कवा झाला न्हाय म्हनलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या." बुटाची नाडी त्यांनी सोडवून ठेवली. "मला मांडीवर घिऊन भरवायचा त्यो. आन् मी टाळ्या वाजवल्या."

दुसरा बूट काढून ते म्हणाले, "ह्या म्हाताऱ्याच्या घरात बी तसंच हाय. कुनाला काय सांगायचं न्हाय. म्हनून त्याला सांगाया जड गेलं न्हाय."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, "आता मला सांगा. पहिल्यापासून. कैदेत काय झालं, रेल्वेवर काय केलं, सगळं."

आप्पांनी मान हलवली. "न्हाय रं. एकदा सांगताना जीव जातो. मला पुन्यांदा न्हाय जमायचं. त्याला सगळं ठावं हाय. त्याच्याकनं ऐक."

मी विनवण्या केल्या. रुसून पाहिलं. आप्पा बधले नाहीत, आणि मला वाटतं ते माझ्यावर राग काढत नव्हते. ते खरंच दमले होते. डिसेंबरात मी त्यांना विमानात बसवलं. जाताना त्यांनी म्हाताऱ्याला मिठी मारली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. विमानतळावरून परत येताना मी गाडीत मोजत बसलो की कुणाला जास्त वेळ धरलं. इतका मी वाईट आहे.

जानेवारीतल्या एका गुरुवारी, योग्य तो डबा बाहेर काढल्यावर, मी म्हाताऱ्याची बेल वाजवली. जायला महिना घेतला, कारण माझ्या घरची गोष्ट मागायला परक्याच्या दारात उभं राहायचं मला फार जड गेलं. त्याने काही विचारलं नाही. चहा केला, पिशवी काढून बशीत ठेवली आणि सुरुवातीपासून सांगायला लागला. आप्पांना सांगताना जिथे मध्ये थांबावं लागायचं तिथे तोही थांबायचा, हे नंतर मुलीला विचारल्यावर माझ्या लक्षात आलं. वाळवंटातून चालताना पणजोबाच्या पायांचं काय झालं ते त्याला माहीत होतं. कुणाच्या मढ्यावरून त्याने बूट काढून घेतले, त्या माणसाचं गावही त्याला माहीत होतं. मी माझ्या पणजोबाची गोष्ट ड्रोहेडाच्या इंग्रजीत ऐकत होतो आणि प्रत्येक वाक्याला मनात म्हणत होतो, हे याला का, हे याला का.

मग त्याने ते नाव घेतलं, आधीचं. मी लगेच अडवलं. निदान एवढं तरी माझं होतं. म्हणालो, असं नाही, असं म्हणतात, आणि मला हॉलमध्ये ऐकू आलं होतं तसं म्हणून दाखवलं.

म्हातारा विचारात पडला. ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. "नाही," तो शेवटी अगदी हळू म्हणाला. "तुझे वडील असं नाही म्हणायचे. त्यांनी माझ्याकडून दहा गुरुवार म्हणवून घेतलंय."

मी ते एकदाच ऐकलं होतं, तेही कान तापलेले असताना. मी कप खाली ठेवला आणि ते नाव त्याच्यामागून, तो म्हणाला तसंच, म्हटलं.